चिखलाचा काळा, बाटलीतला जांभळा

वेलिंग्टनच्या बंदरालगतच्या ते पापा संग्रहालयात माओरी समाजाची जुनी पांघरायची वस्त्रं जपून ठेवली आहेत. माओरी भाषेत त्यांना काकाहू म्हणतात. त्यांतल्या कोरोवाई या प्रकारावर पिळाच्या काळ्या दोऱ्यांचे गोंडे ओळीने लोंबत असतात. खांदे हलले की तेही हलतात. शंभर-दीडशे वर्षांची कोरोवाई पाहिली, तर सगळ्यात आधी झडलेले दिसतात ते हेच गोंडे. भोवतीचं फिकट सोनेरी विणकाम शाबूत असतं, काळ्या धाग्याची मात्र भुकटी होत असते. त्याच वस्त्राच्या काठाला कुठे लाल, कुठे जांभळी लोकर गुंफलेली असली, तर तिची गोष्ट नेमकी उलटी. लोकर धडधाकट असते, पण उजेडाकडच्या बाजूने तिचा रंग उडालेला असतो. एकात रंग टिकला आणि धागा गेला, दुसऱ्यात धागा टिकला आणि रंग गेला. न्यूझीलंडमधला रंगांचा दोनशे वर्षांचा इतिहास एका वस्त्रावर असा शेजारीशेजारी वाचता येतो.

आधी काळ्याबद्दल. माओरींचे पूर्वज उष्ण पॉलिनेशियातून होड्यांनी आले, तेव्हा त्यांनी कापडासाठी औते नावाचं झाड बरोबर आणलं होतं. त्याची साल कुटून कापड करायचं, ही बेटांवरची रीत. इथल्या थंडीत ते झाड नीट रुजलं नाही. त्याची जागा हाराकेके या तलवारीसारख्या लांब पानांच्या वनस्पतीने घेतली. शिंपल्याच्या कडेने पान खरवडून आतला रेशमासारखा तंतू काढायचा, तो मांडीवर वळायचा आणि माग न वापरता बोटांनी गुंफायचा. तंतू उत्तम मिळाला, पण त्याला रंग द्यायचा तर तोही याच मातीत शोधायला हवा होता.

तो सापडला झाडांच्या सालींत आणि दलदलीत. हीनाउ किंवा मानुकाची साल पाण्यात भिजवायची, उकळायची, तिच्या तपकिरी पाण्यात तंतू मुरवायचा. मग तो पारूमध्ये घालायचा. पारू म्हणजे लोहाचा अंश भरपूर असलेला काळपट, बुळबुळीत चिखल. हा चिखल कुठेही मिळत नाही. ठरावीक ओढ्याकाठची, ठरावीक पाणथळ जागेची माती चालते, आणि अशा जागा घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या असतात. चिखलात चोळून, धुऊन, वाळवून, पुन्हा सालीच्या पाण्यात आणि पुन्हा चिखलात, असं केल्यावर दाट, निळसर झाक असलेला काळा रंग चढतो. तानेकाहाची साल तांबूस तपकिरी रंग द्यायची आणि तो पक्का करायला गरम राख वापरायचे. पिवळा यायचा राउरेकाउ या झाडाच्या सालीतून. या झाडाकडे पुढे पुन्हा यायचं आहे, कारण त्याची एक वाट थेट खानदेशात जाते.

पारूचं रसायन मराठी माणसाला परकं नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते, हे आपल्याकडच्या रंगाऱ्यांना आणि लेखनिकांना ठाऊक होतं. हिरड्यात टॅनिन, हिराकसात लोह. हीनाउच्या सालीत टॅनिन, पारूत लोह. दोन्हीकडे तोच काळा. दोन्हीकडे दोषही तोच. लोह हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने तंतूतलं सेल्युलोज तोडत राहतं, त्यात आम्लाची भर पडते आणि धागा आतून पोखरला जातो. रंग मात्र त्या मानाने टिकतो.

आता जांभळा. १८५६ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या पूर्व भागात, आपल्या घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत, विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनाईन बनवू पाहत होता. रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीतले त्याचे गुरू ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी ती कल्पना त्याच्या डोक्यात घातली होती. हिवतापाने बेजार झालेल्या साम्राज्याला क्विनाईन हवंच होतं. डांबरापासून निघणाऱ्या अ‍ॅनिलीनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केल्यावर हाती आला तो काळा गाळ. तो फेकून न देता पर्किनने अल्कोहोलमध्ये विरघळवला, तर जांभळा रंग उतरला. त्यात रेशीम बुडवलं, ते रंगलं. ऑगस्टमध्ये त्याने पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी ग्रीनफर्ड ग्रीन इथे कारखाना काढला. १८५८च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणी मुलीच्या लग्नात याच छटेच्या पोशाखात आली. मग लंडन-पॅरिसच्या बायकांना दुसरा रंग सुचेना.

रेशमावर आणि लोकरीवर हा रंग सहज बसला, सुती कापडावर मात्र तो धरेना. त्यावर पर्किनने आणि स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पुलर या रंगाऱ्यांनी शोधलेला उपाय होता टॅनिनचा. आधुनिक रसायनशास्त्राच्या पहिल्या यशस्वी रंगालाही सुतावर टिकायला झाडातलाच तो तुरट पदार्थ लागला.

मॉव्ह नावाच्या पर्किनच्या या जांभळ्याचे नमुने आज संग्रहालयांच्या आणि काही विद्यापीठांच्या कपाटांत आहेत. लंडनच्या सायन्स म्युझियममधली बूच लावलेली बाटली सर्वांत प्रसिद्ध आहे. अशा नमुन्यांकडे बराच काळ फक्त आदराने पाहिलं गेलं. १९९४मध्ये ओटो मेथ-कोन आणि मँडी स्मिथ यांनी जुन्या नमुन्याची आधुनिक उपकरणांनी तपासणी केली, तेव्हा पाठ्यपुस्तकात छापलेली मॉव्हची रचना चुकीची निघाली. बाटलीत एक पदार्थ नव्हताच. मॉव्हीन ए आणि मॉव्हीन बी असे दोन मुख्य आणि सोबत इतर काही, असं ते मिश्रण होतं. पुढे पोर्तुगालमधल्या संशोधकांनी त्यात आणखी भावंडं शोधली. कारण साधं होतं. पर्किनच्या अ‍ॅनिलीनमध्ये टोल्युइडीनची भेसळ होती. ती नसती, तर हा जांभळा निघालाच नसता. प्रयोगवहीत जे लिहिलेलं नव्हतं, ते बाटलीच्या तळाशी शिल्लक होतं. म्हणून महाविद्यालयांनी जुन्या बाटल्या फेकू नयेत. जागा अडते म्हणून साफसफाईच्या दिवशी असे नमुने जातात, आणि एकदा गेल्यावर त्यांतलं काहीच परत मिळत नाही.

न्यूझीलंडमध्ये हे रंग पोचले ते अगदी योग्य मुहूर्तावर. १८६१मध्ये ओटागो प्रांतात गेब्रिएल रीडला सोनं सापडलं आणि डनीडिन हे खेडेवजा गाव बघता बघता वसाहतीतलं सर्वांत श्रीमंत शहर झालं. हातात पैसा आला, जहाजातून फिती, रेशीम, शाली आल्या. लंडनच्या जडसन कंपनीचे घरी वापरायचे रंग छोट्या बाटल्यांतून विकले जात. जुना पिसारा, फिकी पडलेली फीत, मुलीचा झगा यांना घरातल्या पातेल्यात नवा रंग चढे. १८५९मध्ये ल्योनमध्ये निघालेला मॅजेंटाही मॉव्हच्या मागोमाग आलाच.

पुढचं पाऊल कारखान्यांचं. डनीडिनजवळच्या मॉसगीलला आर्थर बर्न्स यांनी स्कॉटलंडहून यंत्रं आणि कसबी कामगार आणून १८७१मध्ये देशातली पहिली लोकरीची गिरणी सुरू केली. १८७८मध्ये कायापोई आणि त्यानंतर लगेच डनीडिनमधली रॉसलिन गिरणी आली. मेंढ्या इथल्या, पाणी इथलं, आणि रंग युरोपातून डब्यांत भरून आलेले. चौकड्यांची घोंगडी आणि प्रवासी रग या गिरण्यांची ओळख झाली. राउरेकाउ आणि हीनाउची झाडं देशातल्या रानांत होती, पण साल काढा, उकळा, मुरवा, इतका वेळ यंत्राला परवडणारा नव्हता. नवे रंग नेहमीच जास्त टिकाऊ होते म्हणून जिंकले, असं नाही. ते कुठेही, कोणालाही, वजन करून वापरता येत होते, म्हणून जिंकले.

माओरी विणकरांनी हा बदल आपल्या पद्धतीने घेतला. परकी लोकर त्यांनी फार आधीपासून वापरायला सुरुवात केली होती. गोऱ्यांच्या लाल कापडाचे आणि ब्लँकेटांचे धागे उसवून ते काकाहूच्या काठात गुंफले जात. लाल हा प्रतिष्ठेचा रंग होता, आणि इतका झळाळता लाल धागा इथल्या सालींतून मिळत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंगांच्या लोकरी आल्यावर जांभळा, हिरवा, गडद गुलाबीही वस्त्रांत दिसू लागले. काही अभ्यासकांना पूर्वी ही वस्त्रं कमअस्सल वाटत. तो दृष्टिकोन फार अन्यायाचा होता. ज्या बाईने मांडीवर तंतू वळून महिनोन्‌महिने वस्त्र गुंफलं, तिने कडेला कोणता रंग घालायचा हे पूर्ण जाणतेपणी ठरवलं होतं. आणि पारूचा काळा तिने सोडला नाही. एकाच वस्त्रात दोन्ही राहिले.

याच काळात वसाहतीत महाविद्यालयं उभी राहत होती. ओटागो विद्यापीठ १८६९चं, ख्राइस्टचर्चचं कँटरबरी कॉलेज १८७३चं. कँटरबरीत १८७४मध्ये रसायनशास्त्र शिकवायला आलेले अलेक्झांडर बिकर्टन लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्सचे विद्यार्थी. पर्किनचं रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री तोवर त्याच संस्थेत विलीन झालेलं होतं. बिकर्टन यांच्याच हाताखाली पुढे अर्नेस्ट रदरफोर्ड शिकला. डांबरापासून रंग काढणारी रसायनविद्या अशी थेट माणसांमधून या बेटांवर आली.

उलट्या दिशेनेही काही गेलं, आणि ते जास्त मनोरंजक आहे. विल्यम पर्किन यांचा मुलगा आर्थर जॉर्ज पर्किन इंग्लंडमधल्या लीड्सला रंगशास्त्राचा अभ्यासक होता. वडिलांच्या शोधामुळे ज्या वनस्पतीरंगांचा धंदा बसला, त्यांचं पृथक्करण करण्यात मुलाने आयुष्य घातलं. १९१८मध्ये आर्थर एव्हरेस्ट यांच्यासोबत त्याने नैसर्गिक रंगद्रव्यांवर जो जाडजूड ग्रंथ काढला, तो आजही ग्रंथालयांत उघडला जातो. १८९८मध्ये त्याने न्यूझीलंडच्या पुरीरी या झाडाच्या लाकडातलं रंगद्रव्य वेगळं केलं आणि त्याला व्हायटेक्सिन असं नाव दिलं. पुरीरीचं लाकूड इतकं कणखर की वसाहतीत त्याचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर करत. त्यातून रंगबंधक लावलेल्या कापडावर पिवळा उतरतो. हे झाड आपल्या निर्गुडीच्याच वंशातलं.

पुरीरीचा धागा साठ वर्षांनी पुन्हा न्यूझीलंडमध्येच उचलला गेला. ऑकलंडच्या विद्यापीठात लिंडसे ब्रिग्ज आणि रिचर्ड केंबी यांनी १९५८मध्ये पुरीरीच्या लाकडातल्या घटकांवर काम प्रसिद्ध केलं. ब्रिग्ज यांनी इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासोबत काम केलं होतं. त्याच रॉबिन्सन यांच्याकडे त्याआधी मँचेस्टरला कृष्णस्वामी वेंकटरामन शिकले होते. वेंकटरामन पुढे मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीचे, म्हणजे विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, संचालक झाले आणि १९५२मध्ये त्यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर दोन खंड लिहिले. मुंबईच्या रंग-कारखान्यांत काम केलेल्या कित्येक मराठी तंत्रज्ञांच्या हाती ते पुस्तक असे. ऑकलंड आणि माटुंगा ही दोन टोकं एका गुरूपाशी येऊन मिळतात.

आता राउरेकाउ. हे कोप्रोस्मा वंशातलं झाड. कॉफी आणि मंजिष्ठा ज्या कुळातल्या, त्याच कुळातलं. १९४८मध्ये ब्रिग्ज आणि डॅकर यांनी या झाडाच्या सालीतली रंगद्रव्यं तपासली. त्यांत मोरिंडोन होतं. नाव मोरिंडा या वनस्पतीवरून पडलेलं, आणि मोरिंडा म्हणजे आपलं आल. बारतोंडी म्हणून कोकणात आणि घाटावर जे झाड माणसं ओळखतात, ते याच घरातलं.

आल हे खानदेश, वऱ्हाड आणि नागपूरकडच्या काळ्या जमिनीतलं एके काळचं नगदी पीक. बी पेरून तीन-चार वर्षं थांबायचं, मग खोलवर खणून मुळं काढायची. जाड मूळ कवडीमोलाचं, बारीक मुळाला भाव जास्त, कारण रंग सालीत असतो. पीक काढणं म्हणजे अख्खं शेत कंबरभर उलथणं, आणि ती मजुरी शेतकऱ्याच्या अंगावर. रंगाऱ्याचं कामही तितकंच चिवट. कापड तेलात आणि खारात मुरवायचं, धुवायचं, वाळवायचं, हिरड्याच्या पाण्यात काढायचं, तुरटी द्यायची आणि शेवटी आलाच्या भुकटीसोबत उकळायचं. त्यातून जो तांबडा उतरायचा, तो खारवा नावाच्या जाड कापडावर वर्षानुवर्षं टिकायचा. गाद्यांना, पिशव्यांना, व्यापाऱ्यांच्या वह्यांच्या बासनांना हेच कापड लागे.

१८४९मध्ये एडिंबरोच्या थॉमस अँडरसन यांनी ‘सुरंजी’ या नावाने आलेल्या याच मुळाचं पृथक्करण करून त्यातला मोरिंडिन हा पदार्थ वेगळा केला. ब्रिटनमधल्या रंगाऱ्यांना या मुळाचा नेहमीच्या रीतीने उपयोग करता येईना. तेल आणि खार यांची ती लांबलचक तयारी त्यांच्या हाताशी नव्हती. मूळ जहाजात भरून नेता आलं, पण रीत त्याच्यासोबत गेली नाही.

आलाचा शेवट केला अ‍ॅलिझरीनने. मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीच्या मुळातलं हे लाल द्रव्य जर्मनीत ग्रेब आणि लीबरमान यांनी कृत्रिम रीतीने बनवलं. १८६९च्या २५ जूनला बीएएसएफच्या बाजूने इंग्लंडमध्ये पेटंटचा अर्ज पडला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच रंगासाठी विल्यम पर्किन यांचा. काही वर्षांत हा डबाबंद तांबडा मुंबईच्या बाजारात आला. खानदेशातल्या शेतकऱ्याला चार वर्षं जमीन अडकवून ठेवण्यात आता राम उरला नाही. नीळ त्यानंतर, १८९७मध्ये बीएएसएफने कृत्रिम नीळ विकायला काढल्यावर गेली. तिच्या दुःखाबद्दल चंपारणमुळे पुष्कळ लिहिलं गेलं. आलाबद्दल फारसं कोणी बोललं नाही, आणि हे वाईट झालं, कारण आलाबरोबर एका मोठ्या पट्ट्यातल्या रंगाऱ्यांचं शहाणपण गेलं.

१९१४मध्ये युद्ध पेटलं आणि जर्मन रंगांची जहाजं थांबली. मुंबईच्या गिरण्यांपासून मॉसगीलपर्यंत सगळ्यांना एकदमच कळलं की आपण एका देशाच्या बाटल्यांवर किती विसंबून होतो. न्यूझीलंडच्या कृषी खात्यातले रसायनज्ञ बर्नार्ड अ‍ॅस्टन यांनी त्या काळात देशातल्या वनस्पतीरंगांवर लेखन केलं. कोप्रोस्माची साल पुन्हा चर्चेत आली. युद्ध संपल्यावर रंगांची जहाजं आली आणि सालीची गरज पुन्हा मावळली.

विद्यापीठांत कापडाचा अभ्यास मात्र वाढत गेला. ओटागोत १९११मध्ये गृहविज्ञानाची शाळा सुरू झाली. तिच्या प्रमुख विनिफ्रेड बॉइज-स्मिथ या देशातल्या पहिल्या महिला प्राध्यापक. मुलींना स्वयंपाक शिकवायला विद्यापीठ कशाला, असं म्हणणारे तिथेही होते. पण तिथे मुली रसायनशास्त्र शिकल्या, तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला शिकल्या. पुढच्या काळात याच विद्यापीठात माओरी वस्त्रांतले वनस्पती-तंतू ओळखण्यावर महत्त्वाचं संशोधन झालं.

पारूची विद्या तगली ती प्रयोगशाळेबाहेर, ते कुइती गावच्या एका घराण्यात. रांगिमारिए हेटेट १८९२मध्ये जन्मल्या आणि १०३ वर्षं जगल्या. त्यांची मुलगी डिगरेस ते कानावा. दोघींनी, १९५१मध्ये स्थापन झालेल्या माओरी स्त्रियांच्या कल्याण संघटनेच्या मदतीने, घरातली विद्या घराबाहेरच्या बायकांना शिकवली. जमातीची विद्या इतरांना द्यायची का, हा प्रश्न तेव्हा नाजूक होता. त्यांनी द्यायचं ठरवलं, कारण शिकणारं कोणी उरलं नसतं, तर जपून तरी काय होणार होतं? डिगरेस यांची मुलगी रांगी ते कानावा वस्त्रसंवर्धक झाल्या. पारू कसा चढवायचा हे आजीकडून आलेलं, आणि चढवलेला पारू धागा का खातो हे रसायनशास्त्राने सांगितलेलं. या दोन्ही बाजू एका व्यक्तीत आल्या.

जेराल्ड स्मिथ आणि इतर शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी झडणाऱ्या काळ्या तंतूंवर जो उपाय तपासला, तो समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटचा. त्याचं पातळ द्रावण धाग्यात मुरलं की भुकटी होऊ पाहणारे तंतू एकमेकांना धरून राहतात. रंग बदलत नाही, चकाकी येत नाही. पाहणाऱ्याला फरक कळू नये, ही त्यातली कसोटी. कडेच्या कृत्रिम रंगांच्या लोकरीसाठी असा उपाय नाही. तिला कमी उजेडातच ठेवावं लागतं, म्हणून काकाहूंच्या प्रदर्शनात दिवे मंद असतात आणि वस्त्रं काही काळाने बदलली जातात. कोणत्या काठाला कोणता रंग लागला आहे, हे ओळखायला काही मिलिमीटरचा धागा पुरतो. त्यातल्या द्रव्यांचा आलेख जुन्या, खात्रीच्या नमुन्यांच्या आलेखाशी ताडून पाहतात. बाटल्या, शेड कार्डं, रंगवलेल्या लोकरीचे पुंजके जपून ठेवणाऱ्या संस्था इथे कामी येतात. एखाद्या लोकरीत मॅजेंटा सापडला, तर ती १८५९च्या आधी रंगवलेली नाही हे सांगता येतं आणि त्या वस्त्राची नोंद दुरुस्त होते.

आजच्या माओरी विणकर-वर्गांत हाराकेकेच्या टोपल्या शिकणाऱ्या मुलांसाठी पातेल्यात पाकिटातला रंग उकळत असतो. भडक निळा, भडक गुलाबी, पंधरा मिनिटांत काम. समारंभाच्या वस्त्रासाठी मात्र कित्येक विणकर आजही पारूच शोधतात. शोधावं लागतं, कारण शेतीसाठी आणि गाईंच्या कुरणांसाठी न्यूझीलंडमधल्या बहुतेक पाणथळ जागांतलं पाणी काढून टाकलेलं आहे. जिथे चांगला चिखल उरला आहे, ती जागा घरच्या माणसांनाच ठाऊक असते. आणि कामापुरताच चिखल उचलायचा, उरलेला पुन्हा तिथेच नेऊन टाकायचा, असा तिथला रिवाज आहे.